मुरडलेलें पान काय सांगतें?

कुंडींतील मिरचीचें पान मुरडलें कीं घरांत कोणाच्या तरी तोंडून शब्द निघतो, "बोकड्या आला." कोणी ह्यासच चुरडा-मुरडा म्हणतात, कोणी कोकडा म्हणतात. नांव कोणतेंही घ्या, तें एकदां उच्चारलें म्हणजे निदान झालें अशी आपली समजूत होते, आणि मग औषधाची बाटली आणावयास कोणी तरी बाजाराकडे निघतो. श्रोतेहो, आज मला मुख्यतः एवढेंच सांगावयाचें आहे कीं, बोकड्या हें एका रोगाचें नांव नव्हे. तें एका लक्षणाचें नांव आहे. मनुष्यास ताप येतो. तो हिंवतापाचा असेल, विषमज्वराचा असेल, अथवा नुसता उन्हांत फिरल्याचा असेल. "ताप आहे" असें म्हटल्यानें वैद्याचें काम संपत नाहीं. तेथून तें सुरू होतें. मुरडलेल्या पानाचेंही तसेंच आहे. मुरडीच्या मागें फुलकिडे असूं शकतात, कोळी असूं शकतात, मावा असूं शकतो, विषाणु असूं शकतो. आणि पुष्कळदां ह्यांपैकीं कोणीही नसून केवळ पाणी घालणाऱ्या हाताचा दोष असतो. ह्या प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. इतकेंच नव्हे, तर एकावरचा उपाय दुसऱ्याच्या बाबतींत अपायकारक ठरतो.

मिरची ही मूळची अमेरिकेंतली. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यास लागली आणि आतां तिच्यावांचून आपलें एकही जेवण होत नाहीं. घरांत दोन-तीन कुंड्या असल्या म्हणजे गृहिणीस रोजच्या फोडणीपुरती मिरची हाताशीं मिळते. ही मिरची झाडावरून तोडावयाची, पाण्यांत बुचकळावयाची आणि तशीच आमटींत टाकावयाची. तेव्हां ह्या झाडावर आज सकाळीं काय फवारलें, हा प्रश्न शेतांतल्या मिरचीपेक्षां कुंडींतल्या मिरचीच्या बाबतींत अधिक निकडीचा आहे. शेतकरी फवारणी आणि तोडणी ह्यांत दिवस मोजून ठेवतो. घरांत तसे दिवस कोणी मोजीत नाहीं.

दुसरीही एक गोष्ट घरांतल्या झाडांच्या बाबतींत विशेष आहे. रत्नागिरीस वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. उघड्यावरच्या झाडाचे फुलकिडे, मावा, पानांवरची धूळ हें सर्व तो पाऊस धुऊन नेतो. शिवाय उघड्यावर ढालकिडे असतात, जाळीदार पंखांच्या हिरव्या माशीच्या अळ्या असतात, कोळ्यांना खाणारे दुसरे कोळी असतात. हे सर्व आपले बिनपगारी नोकर होत. पडवींत, खिडकीच्या जाळींत किंवा गॅलरींत ठेवलेल्या झाडास पाऊसही लागत नाहीं आणि हे नोकरही तेथें फारसे फिरकत नाहींत. म्हणून बागेंत जो उपद्रव आठ दिवसांत आपोआप ओसरतो, तोच छपराखालीं महिनोन्‌महिने ठाण मांडून बसतो. झाड घरांत आहे म्हणजे तें सुरक्षित आहे, ही समजूत पाऊस-वाऱ्यापुरती खरी आहे. किडीच्या बाबतींत ती बरोबर उलटी आहे.

आतां पान मुरडतें म्हणजे काय होतें तें पाहूं. मुरड दोन जातींची असते. पहिली जात अशी कीं, पान पुरतें वाढलेलें आहे, पण त्यांतलें पाणी कमी झाल्यामुळें तें आपली रुंदी आवरून घेतें. भर उन्हांत आपण अंग चोरून सावलींत उभे राहतों तसाच हा प्रकार. ही मुरड पाणी मिळालें, ऊन उतरलें, कीं सुटते. दुसरी जात निराळी. कोंवळें पान शेंड्यांत मिटलेलें असतांना त्याच्या पेशी वाढत असतात. त्या वयांत कोणी त्यांतील कांहीं पेशी ओरबाडल्या किंवा त्यांत विष सोडलें, तर तेवढा भाग खुंटतो आणि बाकीचा वाढतच राहतो. कापडाचा एक धागा ओढला गेला म्हणजे सबंध कापड जसें चुणतें, तसें तें पान जन्मभर चुणलेलें राहतें. ही मुरड पाण्यानें सुटत नाहीं, औषधानेंही सुटत नाहीं. म्हणून पहिला प्रश्न हा कीं, ही मुरड सुटते कीं नाहीं? त्यासाठीं एक दिवस खर्च करा. सकाळीं सात वाजतां पान पाहा, दुपारीं दोन वाजतां पाहा, आणि पुन्हां दिवेलागणीस पाहा. सकाळीं सपाट, दुपारीं मुरडलेलें आणि सायंकाळीं पुन्हां सपाट असें जर दिसलें, तर तेथें कीड शोधण्यांत अर्थ नाहीं.

पाण्याच्या दोषाचे दोन प्रकार आहेत आणि लोकांना त्यांतला एकच ठाऊक असतो. पाणी कमी पडलें तर पानें कडेनें वर वळतात, मऊ पडतात व लोंबतात. हें सर्वांस कळतें. परंतु पाणी अधिक झालें तरी पानें खालीं वळतात, हें फार थोड्यांस माहीत असतें. मुळांनाही श्वासास हवा लागते. कुंडींत पाणी तुंबलें कीं मातींतील हवा निघून जाते, मुळें गुदमरतात, आणि भोंवतीं पाणी असूनही झाडास तें ओढून घेतां येत नाहीं. मग पान सुकल्यासारखें दिसतें आणि घरधनी आणखी एक तांब्या ओततो. आपल्याकडे तुळशीस रोज स्नानोत्तर पाणी घालण्याची चाल आहे, आणि त्याच हातानें शेजारच्या मिरचीसही घातलें जातें. वृंदावनांतील तुळस जमिनीशीं जोडलेली असते, तिचें पाणी जांभ्यांतून निथळून जातें; प्लॅस्टिकच्या कुंडीखालीं बशी ठेवलेली असली म्हणजे पाण्यास जावयास वाटच राहत नाहीं. ओळखावयाचें असें: तहानेनें मुरडलेलें पान हातास मऊ व पातळ लागतें, तर पाण्यानें गुदमरलेल्या झाडाचें पान बहुधा जड व ताठ लागतें, त्याचे देंठ खालीं झुकतात, आणि खालचीं पानें पिंवळीं पडूं लागतात. मातींत बोट दोन पेरें खुपसून पाहावें. बोटास ओल लागली तर त्या दिवशीं पाणी घालूं नये. कुंडीच्या बुडाचें भोंक मोकळें आहे कीं मुळांनीं बुजलें आहे, तेंही एकदां काडीनें पाहावें.

शेणखत, पेंड, युरिया ह्यांचा अतिरेक झाला तरीही पानें गर्द हिरवीं होऊन टोंकें नखांसारखीं खालीं वळतात. त्यावर उपाय खत थांबविणें हाच.

टोमॅटोच्या बाबतींत एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. त्याचीं खालचीं, जुनीं पानें कधीं कधीं उभ्या नळीसारखीं वर गुंडाळलीं जातात, पण शेंडा निरोगी असतो आणि फळही धरतें. तो रोग नव्हे. उष्णतेनें किंवा फार छाटणी केल्यानें तसें होतें. त्यासाठीं झाड उपटूं नये.

दुसरा प्रश्न: मुरड कोणत्या पानांवर आहे? जुन्या पानांवरच असेल तर बहुधा पाणी, ऊन, खत ह्यांकडे पाहावें. शेंड्याच्या नव्या पानांवर असेल तर मात्र जिवंत शत्रूचा संशय घ्यावा. आणि तिसरा प्रश्न: पान कोणत्या बाजूस वळलें आहे? कोंकणच्या माणसाला हें सांगणें फार सोपें आहे. पाण्यांत तरंगणारी होडी डोळ्यांपुढें आणा. पानाच्या दोन्ही कडा वर येऊन तें तशा होडीसारखें झालें असेल, तर फुलकिड्यांचा किंवा विषाणूचा संशय घ्यावा. पावसाळ्यांत किनाऱ्यावर पालथी घालून ठेवलेली होडी आठवा. पानाच्या कडा खालीं वळून तें तसें पालथें झालें असेल, तर कोळ्यांचा किंवा माव्याचा संशय घ्यावा. हा नियम शंभरांत शंभर वेळां खरा ठरतो असें नाहीं, कारण एकाच झाडावर दोन्ही शत्रू असूं शकतात. पण कोठें शोधावें हें तो सांगतो.

आतां शोधावयाचें कसें? माझा एक जुना विद्यार्थी माघ महिन्यांत एक पान पिशवींत घालून माझ्याकडे आला. "गुरुजी, हें पाहा आणि औषध सांगा." मीं म्हटलें, "अरे, रोग्याचें नख कापून आणलेंस. रोगी कोठें आहे?" त्यास वाटलें मी थट्टा करतों आहें. पण पिशवींत कोमेजलेल्या पानावरून वर-खालीं काय वळलें होतें तें कळत नाहीं, त्यावरचे किडे पिशवींत कोठें तरी गेलेले असतात, आणि झाडावर तें पान कोठें होतें हा मुख्य पुरावा तर मागेंच राहिलेला असतो. तेव्हां झाडाजवळच गेलें पाहिजे. सोबत दोन वस्तु न्याव्या, एक पांढरा कागद आणि एक भिंग. भिंग दहापट मोठें दाखविणारें असलें तर बरें, वीसपट असलें तर उत्तम. कागद शेंड्याखालीं धरून शेंडा दोन-तीनदां टिचकीनें झटकावा. कागदावर जें पडेल तें हलतें कीं नाहीं, आणि कसें हलतें, तें पाहावें.

कागदावर भाताच्या कोंड्याच्या बारीक कणाएवढे, फिक्कट पिंवळे, लांबट जीव पडून लगबगीनें चालूं लागले तर ते फुलकिडे. मिरचीवरचा जो नेहमींचा फुलकिडा, त्याचें शास्त्रीय नांव सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस. तो लांबीनें सुमारें १ मिलिमीटर असतो. हूड नांवाच्या शास्त्रज्ञानें १९१९ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्यासाठीं मिळालेले नमुने आपल्याच देशांतील, कोइमतूरचे होते. म्हणजे हा घरचाच शत्रू आहे. तो पानाच्या पेशी खरवडतो आणि आंतून येणारा रस शोषतो. त्यामुळें पानाच्या पाठीवर, विशेषतः मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंस, चंदेरी व पुढें तपकिरी झालेले ओरखडे दिसतात. वर वळलेलें पान आणि पाठीवर ओरखडे, ह्या दोन खुणा एकत्र दिसल्या कीं फुलकिड्यांविषयीं शंका उरत नाहीं. फळांवरही खरबरीत तपकिरी डाग पडतात.

आपल्या जिल्ह्यांत ह्या किड्याचें आणखी एक महत्त्व आहे. हाच फुलकिडा आंब्याच्या कोंवळ्या पालवीवर, मोहोरावर आणि लहान फळांवरही पडतो. अलीकडच्या वर्षांत हापूसच्या बागाइतदारांना फुलकिड्यांनीं किती सतावलें, तें आपण सर्व जाणतां. तेव्हां कलमांच्या बागेस लागून घर असेल तर पौष-माघांत कुंडींतल्या मिरचीकडे अधिक लक्ष द्यावें. कोरड्या हवेंत हे किडे फार वाढतात. ह्याचेच दुसरे एक भावंड, काळसर रंगाचें, २०२१ सालीं आंध्र व तेलंगण येथील मिरचीच्या फुलांत शिरलें आणि तेथील शेतकऱ्यांचें अतोनात नुकसान झालें. म्हणून फूल गळत असेल तर एक फूल उकलून तेंही कागदावर झटकून पाहावें.

फुलकिड्यांवर एकदांच फवारणी करून थांबणाऱ्यांची निराशा होते. कारण असें कीं, मादी आपलीं अंडीं पानाच्या आंत, पेशींच्या थरांत खुपसून घालते; तेथें औषध पोंचत नाहीं. कोशावस्थेंतील किडे पानांच्या बेचक्यांत किंवा खालीं पडलेल्या पाचोळ्यांत दडतात. अंड्यापासून पुरता किडा होण्यास साधारण दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून उपाय आठवड्याच्या अंतरानें तीन वेळां केला पाहिजे आणि कुंडीवर पडलेला पाचोळा उचलला पाहिजे. घरगुती झाडास पहिला उपाय पाण्याचाच. कुंडी आडवी धरून पानांच्या पाठीवर नळीच्या पाण्याचा जोरदार फवारा मारावा. जो पाऊस छपरामुळें चुकला तो आपल्या हातानें पाडावयाचा, एवढाच त्याचा अर्थ. त्यानें भागलें नाहीं तर निंबोळीचा ५ टक्के अर्क वापरावा. ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची पूड रात्रभर पाण्यांत भिजत घालावी, सकाळीं फडक्यानें गाळून घ्यावी, पाणी घालून १ लिटर करावें, त्यांत साबणाचें थोडें पाणी मिसळावें आणि सायंकाळीं फवारावें. कोंकणांत कडुनिंब देशावरच्याइतका मुबलक नाहीं. निंबोळ्या विकतच आणाव्या लागतात, आणि त्या बुरशी आलेल्या नाहींत हें पाहून घ्याव्या लागतात.

आतां पालथ्या होडीकडे वळूं. पान खालीं वळलेलें, अरुंद, जाडसर व ठिसूळ झालेलें, पाठ तुळतुळीत किंवा तांबूस दिसते, आणि खालच्या पानांचे देंठ उंदराच्या शेपटीसारखे लांबलेले, असें दिसलें तर तो कोळी होय. जाळें विणणारा लाल कोळी निराळा. हा पिंवळसर पांढरा, रुंद अंगाचा कोळी अवघा ०.२ मिलिमीटर असतो. नुसत्या डोळ्यांस तो दिसत नाहीं, म्हणून कागदावर कांहींच पडलें नाहीं असें समजून पुष्कळ लोक फसतात. शेंड्याच्या अगदीं कोंवळ्या पानाची पाठ भिंगाखालीं धरावी. त्याचीं अंडीं लंबगोल असून त्यांवर पांढरे ठिपके ओळीनें बसविलेले असतात. तीं एकदां ओळखतां आलीं कीं पुन्हां विसरत नाहींत. ह्या कोळ्याचा नर चालत्या-बोलत्या पालखीसारखें काम करतो: वयांत येऊं घातलेल्या मादीस पाठीवर घेऊन तो नव्या पानावर नेतो. पांढऱ्या माशीच्या पायास धरूनही हे कोळी झाडाझाडांवर प्रवास करतात. ओलसर, फार ऊन नसलेली जागा त्यांना मानवते, म्हणजे आपली बंद पडवीच. हवा उबदार असली कीं त्यांची एक पिढी आठवड्याच्या आंत पुरी होते. त्यांच्या लाळेंतलें विष पानास असें भिनतें कीं, कोळी मेल्यावरही कांहीं आठवडे वांकडींच पानें येत राहतात.

मघां सांगितलेल्या विद्यार्थ्याच्या घरीं हाच प्रकार होता. त्यानें आंब्यावर मारून उरलेलें किडीचें औषध दोन वेळां मिरचीवर मारलें होतें, आणि प्रत्येक वेळेस पानें अधिकच मुरडलीं होतीं. ह्यांत आश्चर्य कांहीं नाहीं. कोळी हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय, कोळ्यास आठ; तो गोचिडाच्या गोतांतला. कीटकांसाठीं केलेलीं पुष्कळ औषधें त्यास बाधत नाहींत, परंतु त्यास खाणारे जे मित्रजीव त्यांना मात्र तीं मारून टाकतात. पायरेथ्रॉईड वर्गांतील औषधांनंतर कोळी व पांढरी माशी उलट भडकते, हा शेतांतलाही अनुभव आहे. "मग दोन वेळां मारलें तें फुकटच गेलें म्हणावयाचें?" असें त्यानें विचारलें. फुकट गेलें असतें तर बरें होतें. त्या मिरच्या घरांत खाल्ल्या जात होत्या. झाडावरच्या सर्व मिरच्या तोडून खड्ड्यांत पुरा, असें मीं त्यास सांगितलें. तें त्यास रुचलें नाहीं, पण त्याच्या पत्नीनें लगेच तोडून टाकल्या.

कोळ्यावर गंधक चालतें. पाण्यांत मिसळणारी ८० टक्के गंधकाची भुकटी लिटरास २ ते ३ ग्रॅम घालून पानांच्या पाठीवर फवारावी. भर उन्हांत फवारूं नये, पानें करपतात. कडक उन्हाळ्यांत तर टाळावेंच. निंबोळीचें किंवा दुसरें कोणतेंही तेल फवारलें असेल तर त्यानंतर दोन आठवडे गंधक वापरूं नये. त्यापूर्वीं सर्वांत वांकडे शेंडे कापून पिशवींत बंद करावे. निम्मे कोळी त्यांतच गेलेले असतात.

माव्याविषयीं फार बोलावयास नको. तो हिरवा-काळा, थव्यानें बसलेला, उघड दिसतो. पान चिकट लागतें, त्यावर मुंग्यांची रांग असते, पुढें काजळी चढते. पाण्याचा फवारा आणि साबणाचें पाणी ह्यांनीं तो जातो. लिटरास चहाचा एक चमचा पातळ साबण पुरे. कपडे धुण्याची पूड नको. आधीं एकाच पानावर लावून दुसऱ्या दिवशीं पान करपलें नाहीं हें पाहावें.

राहिला खरा बोकड्या, म्हणजे विषाणूचा. ह्यांत पानें वर वळतात, पण लहान राहतात, शिरा जाड होतात, शिरांमधला भाग पिंवळट पडतो, कांड्या आखूड होऊन शेंडा गुच्छासारखा दिसतो, आणि झाड खुजें राहतें. पाठीवर ओरखडे नसतात. झाड हलविलें कीं पिठाच्या कणांसारख्या पांढऱ्या माश्या उडतात. हा विषाणु पांढरी माशी पसरविते. ती रोगट झाडाचा रस थोडा वेळ प्यायली कीं तिच्या अंगांत तो बराच काळ राहतो, आणि ती बसेल त्या कोंवळ्या रोपास देते. हा रोग नवा नाहीं. भारतांत टोमॅटोवरील अशाच रोगाचें शास्त्रीय वर्णन वासुदेव व साम राज ह्यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलें. त्याहूनही मागें जावयाचें तर जपानांत जावें लागेल. इसवी सन ७५२ मधील, सम्राज्ञी कोकेन ह्यांच्या नांवें असलेल्या एका कवितेंत ऐन उन्हाळ्यांत पिंवळ्या पडलेल्या एका रानझाडाचा उल्लेख आहे. तो पिंवळेपणा ह्याच कुळांतील विषाणूचा असावा, असें शास्त्रज्ञांनीं २००३ सालीं दाखवून दिलें. वनस्पतींच्या विषाणुरोगाची ही सर्वांत जुनी नोंद मानतात. बिचाऱ्या कवयित्रीस तें अकालीं आलेलें शरदाचें चिन्ह वाटलें!

ह्या विषाणूवर औषध नाहीं. जो दुकानदार औषध आहे म्हणून सांगेल त्याच्याकडून तें घेऊं नये. झाड मोठ्या पिशवीनें झांकून, माश्या उडूं न देतां, मुळासकट उपटावें व जाळावें किंवा पुरावें. दया दाखवून तें ठेवलें तर तें बाकीच्या सर्व कुंड्यांस रोग पुरवीत राहतें. खरी काळजी रोपाच्या वयांत घ्यावयाची. बीं पेरल्यापासून लावणीपर्यंत वाफ्यावर बारीक विणीची नायलॉनची जाळी घालावी. जितक्या लहान वयांत लागण, तितकें नुकसान अधिक. पिंवळ्या पत्र्याच्या तुकड्यास एरंडेल चोपडून टांगलें तर पांढऱ्या माश्या त्यास चिकटतात आणि किती आहेत हें कळतें. हा विषाणु हात लावल्यानें सहसा पसरत नाहीं. तंबाखूचा मोझॅक नांवाचा विषाणु मात्र हातानेंच पसरतो. इवानोव्हस्की ह्यानें १८९२ सालीं आणि बेयेरिंक ह्यानें १८९८ सालीं ज्यावर प्रयोग केले व ज्यापासून विषाणुशास्त्राचा उगम झाला तोच हा. त्यानें मिरचीच्या पानावर फिक्कट व गडद हिरवे ठिगळ उठतात व पान सुरकुततें. म्हणून तंबाखू मळलेल्या हातांनीं मिरचीच्या रोपांस शिवूं नये. आधीं हात साबणानें धुवावे. हें सांगितलें कीं लोक हंसतात, पण हें खरें आहे.

एक कारण असें आहे कीं तें झाडाकडे पाहून एकदम सुचत नाहीं. कोंवळीं पानें एकाएकीं अरुंद, दोरीसारखीं, शिरा समांतर धांवत असलेलीं अशीं निघालीं आणि एकाच दिवशीं मिरची, टोमॅटो, भेंडी अशा निरनिराळ्या झाडांवर तसें दिसलें, तर कीड शोधूं नये, तणनाशक शोधावें. टू-फोर-डी नांवाचें तणनाशक १९४० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलें. त्याचा अंश वाऱ्यानें येतो, किंवा ज्या पंपानें तें बांधावर मारलें तोच पंप नुसता विसळून कुंड्यांस वापरल्यानें येतो. किडीस सर्व जातींचीं झाडें एकाच दिवशीं आवडत नाहींत; विषास मात्र भेद नसतो. तणाचा पंप निराळाच ठेवावा.

एवढें पाहूनही निर्णय होत नसेल, तर दापोलीस १९७२ सालीं स्थापन झालेलें कोकण कृषी विद्यापीठ आपल्या जिल्ह्यांतच आहे. तेथील कीटकशास्त्राच्या मंडळींकडे किंवा आपल्या तालुक्याच्या कृषि कार्यालयांत जावें. परंतु जातांना एक पान नेऊं नये. शेंड्यासकट फांदी न्यावी, ती ओल्या कागदांत गुंडाळावी, आणि झाड कोठें ठेवलें आहे, पाणी केव्हां घालतां, काय काय फवारलें, हें एका चिठीवर लिहून न्यावें. फवारलेलें लपवूं नये.

उपाय केल्यावर गुण आला कीं नाहीं हें ठरवितांना जुन्या पानांकडे पाहूं नका. तीं वांकडींच राहणार. तीं सरळ होत नाहींत म्हणून पुन्हां पुन्हां औषध मारणारे लोक मीं पाहिले आहेत. शेंड्याखालच्या एका डोळ्यास सुती धागा सैल बांधून ठेवा. त्या धाग्याच्या वर जीं पानें नव्यानें फुटतील तींच पाहावयाचीं. फुलकिडे असतील तर दहा-पंधरा दिवसांत तेथें सपाट पान दिसूं लागतें. कोळ्याच्या बाबतींत तीन-चार आठवडे वाट पाहावी लागते. आणि कीड दिसत नसतांनाही त्या मुदतीनंतर तेथें लहान, पिंवळट व वर वळलेलींच पानें येत राहिलीं, तर ती कुंडी त्याच दिवशीं बाकीच्यांपासून दूर न्यावी.